अर्धा इंच

पोकलेन वाहणारा लोबेड ट्रेलर शेडमध्ये लागला, बारा चाकं उतरली, की मी टायरच्या आधी डिस्क बघतो. ट्यूबलेस करायचं म्हणजे नुसते टायर बदलायचे, असं कितीतरी मालक धरून चालतात. खरा बदल डिस्कचा असतो. ८.२५-१५ च्या जुन्या चाकात ट्यूब, तिच्याखाली फ्लॅप, आणि टायर डिस्कवर धरून ठेवायला सुटी रिंग. ट्यूबलेसची डिस्क अखंड असते. मध्ये खोल खाच, आणि टायरची कड बसते तिथे १५ अंशांचा उतार. तिचं माप नेहमी अर्ध्यावर येतं, जसं साडेसतरा किंवा साडेबावीस. त्या अर्ध्या इंचावरून ती ओळखायची.

त्या सुट्या रिंगेशी माझं जुनं वैर आहे. मी शिकाऊ होतो तेव्हा गंजलेल्या खाचेत नीट न बसलेली एक रिंग हवा भरताना सुटली. उस्तादांचं मनगट त्यानंतर कधी पुरतं वळलं नाही. पान्हा ते डाव्या हाताने धरायला शिकले, वयाच्या पन्नाशीत. डिझेल वाचतं, टायर थंड राहतो, हे मालकाला सांगायला ठीक आहे, आणि खरंही आहे. ट्यूब आणि टायर आतल्या आत घासून तापतात, ते इथे टळतं. पण मला हे काम आवडतं ते त्या मनगटामुळे.

८.२५-१५ च्या जागी मी २३५/७५ आर १७.५ घालतो. याची उंची साधारण ८०० मिलिमीटर, जुन्याची ८४० च्या आसपास. म्हणजे ट्रेलरचा पाट दोनेक सेंटिमीटर खाली येतो. मशीन चढवायला ते बरंच, पण खडबडीत वाटेवर पोट घासणार नाही ना, हे आधी मोजून घ्यावं लागतं. आणि म्हणूनच अर्धी चाकं आत्ता, अर्धी दिवाळीनंतर, असं कोणी म्हणालं की मी काम घेत नाही. जोडचाकात एक उंच आणि एक ठेंगणं बसलं तर उंचावरच बहुतेक भार येतो, आणि तेच आधी फुटतं. डिस्कची भोकं, हबचा मधला गोल, नटाची बैठक आणि ड्रमपासूनचं अंतर, हे सगळं एका चाकावर बसवून बघितल्याशिवाय बाकीच्या अकरांची ऑर्डर द्यायची नाही.

खडी क्रशरवर राबणाऱ्या ट्रेलरला मात्र मी लगेच हो म्हणत नाही. तिथे खिळ्यापेक्षा धारदार दगड वैरी. तळव्यातला खिळा ट्यूबलेसमध्ये रुतून बसतो, हवा हळूहळू उतरते, ड्रायव्हर गावापर्यंत पोहोचतो. बाजू चिरली तर मात्र टायर गेलाच. शिवाय लोबेड जागच्या जागी वळवला की मागची चाकं आडवी फरफटतात. हवा कमी असेल तर टायरची कड डिस्कवरून सुटते आणि सगळी हवा एका दमात जाते. कड पुन्हा बसवायला हवेचा जोरदार लोट लागतो. रानात तो कुठून आणायचा? काही जण पेट्रोल ओतून काडी लावतात. माझ्या शेडमध्ये ते कोणी करणार नाही. आणि लोखंडी पिंजऱ्याबाहेर हवा भरायची नाही, ट्यूबलेसलाही नाही. हवेविना दामटलेल्या टायरची बाजू आतून खिळखिळी झालेली असू शकते, आणि हवा भरताना ती फुटू शकते.

चाकं चढली की ड्रायव्हरला सांगतो, "दादा, पन्नास-शंभर किलोमीटर मारून परत या, नट पुन्हा आवळायचेत." रंगाचा थर दबला की नट ढिला पडतो.

मग जुन्या रिंगा उरतात. भंगारवाला आला की तो त्या अख्ख्या मागतो, जास्त पैसे देतो म्हणतो. मी आधी गॅस कटर पेटवतो, एकेक रिंग दोन ठिकाणी कापतो, आणि मगच वजनकाट्यावर टाकतो.