संशयाचा फायदा

आमच्या व्यवसायात 'संशयाचा फायदा' या शब्दांना मोठा मान आहे. आरोपीच्या अपराधाविषयी न्यायाधीशांच्या मनात रास्त संशय उरला, तर त्याचा लाभ आरोपीला मिळावा, हा फौजदारी न्यायाचा पाया होय. वीस वर्षे सुरतेच्या न्यायालयात हेच तत्त्व मांडीत आल्यामुळे ते साऱ्या जगाला लागू आहे, अशी माझी नकळत समजूत होऊन बसली होती. बोटाच्या पेराएवढ्या तांब्याच्या एका नळीने ती समजूत मोडली.

माझा भाचा अमेरिकेत नोकरी करतो, आणि घराला लागून असलेल्या मोटारखान्यात दोन माणसांपुरते विमान स्वतःच्या हाताने बांधतो आहे. घरी विमान बांधणे हे ऐकून वाचकांना हसू येईल. मलाही आले होते. पण मुंबईला कांदिवलीत कॅप्टन अमोल यादव यांनी राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले, ते २०१६ च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलातील प्रदर्शनात लोकांनी पाहिले, २०१७ साली त्याची नोंदणी झाली, २०१९ साली उड्डाणाचा परवाना मिळाला आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये धुळ्याला ते आकाशात गेले, हे सारे आपण वर्तमानपत्रांतून वाचले आहे. विमान गच्चीवर चढवण्यापेक्षा ते कागदपत्रांतून बाहेर काढणे त्यांना अधिक कठीण गेले असावे, असे मला वकील या नात्याने वाटते. अमेरिकेत ही वाट पूर्वीपासून मळलेली आहे. निम्म्याहून अधिक काम हौशी माणसाने स्वतः केले असेल, तर विमान प्रायोगिक म्हणून नोंदले जाते. मात्र कोणते काम केव्हा व कसे केले, याची वही त्याने ठेवलेली असावी लागते.

गेल्या हिवाळ्यात भाचा रजेवर आला तेव्हा त्याच्या सामानात लांब दांड्यांची एक जडशी पक्कड, पोलादी केबलचे एक वेटोळे आणि तांब्याच्या नळ्यांची एक पुडी निघाली. अक्काने, म्हणजे त्याच्या आईने, कपाळाला हात लावला. ती गोव्याहून मुलाला भेटायला मुद्दाम माझ्याकडे आली होती. त्याला मात्र नमुन्याचे काही सांधे करून ते ओढून पाहायचे होते, आणि माझ्या एका अशिलाच्या कारखान्यात ताण मोजण्याची सोय होती.

माझ्या लिहिण्याच्या मेजावर त्याने मला ती विद्या समजावून सांगितली. लहान विमानात वैमानिकाच्या हातापायांची हालचाल शेपटीच्या सुकाणूपर्यंत बहुधा अशा केबलींनी पोहोचते. एकोणीस बारीक तारांचा एक पेड, आणि असे सात पेड. एक अष्टमांश इंच जाडीच्या दोरीत एकशे तेहेतीस तारा. सुरतेच्या माणसाला यात नवल वाटू नये. रेशमी धाग्याभोवती चपटी तार गुंडाळून जरी करणारे हे गाव आहे. एकटी तार दुबळी आणि पीळ पडला की बळकट, हे येथे पोरालाही ठाऊक असते. केबल तुटण्याची भीती त्यामुळे फारशी नसते. भीती असते ती तिच्या टोकाची. टोक कशाला तरी अडकवायचे, तर त्याचा फास करावा लागतो, आणि तो फास सुटता कामा नये.

पूर्वी हे फास हाताने विणीत. याच गावचे लवजी नसरवानजी वाडिया १७३६ साली जहाजे बांधायला मुंबईस गेले, त्यांच्या काळी जहाजावरचे दोर असेच एकमेकांत ओवले जात, आणि आरंभीच्या विमानांनीही ती कला जहाजांपासूनच उचलली. पण पोलादी केबलीत विणलेल्या सांध्याला मूळ दोराच्या सुमारे पंचाहत्तर टक्केच बळ राही. आता फासाच्या आत पन्हळीसारखी एक धातूची कडी बसवतात, केबलीचे टोक वळवून तांब्याच्या लांबट नळीतून परत आणतात आणि ती नळी पकडीने दाबतात. प्रथम मध्यावर, मग कडीच्या बाजूला, शेवटी उरलेल्या टोकाशी, असे तीन दाब. नळी दाबताना लांबते, म्हणून केबलीचे टोक आधी थोडे बाहेर राखायचे. तांबे तारांच्या फटींत शिरून बसते, आणि काम नीट झाले तर केबलीचे जवळजवळ सारे बळ सांध्यात उतरते.

"नीट झाले हे कशावरून ओळखायचे?" मी विचारले.

"डोळ्यांनी नाही ओळखता येत, मामा," तो म्हणाला, आणि त्याने खाच पाडलेली एक लहानशी पोलादी पट्टी माझ्या हाती दिली. दाबलेली नळी त्या खाचेत शिरली तर दाब पुरा. न शिरली तर नाही.

त्या दुपारी त्याने सहा सांधे केले. मला सहाही एकसारखे दिसले. पट्टी चार नळ्यांवर सहज गेली. दोन ठिकाणी कडेवर अडकली, तीही केसाएवढ्या अंतराने. दुसऱ्या दिवशी आम्ही कारखान्यात गेलो. अशा केबलीची तुटण्याची मर्यादा सुमारे नऊशे किलो. तिच्या साठ टक्के, म्हणजे साडेपाचशे किलोंच्या आसपास ताण सावकाश द्यायचा, असे ठरले होते. चार सांधे हूं की चूं न करता टिकले. पाचवा आणि सहावा त्या आकड्याच्या बराच आधी सरकू लागला. काही तुटले नाही, आवाजही झाला नाही, नळीतून केबल नुसती मागे निघत गेली.

भाच्याचा चेहरा उतरला. पकडीचा जबडा ज्या बोल्टने जुळवतात, तो वापराने सैल झाला होता. विमानातील चार केबलींची आठ टोके त्याने याच पकडीने बांधली होती, आणि पट्टी लावून पाहिली होती ती फक्त पहिल्यालाच. त्या केबली आता विमानाच्या पोटात बसवून वर पत्रा रिवेटांनी ठोकून झाला होता.

मी माझ्या सवयीने त्याची बाजू मांडू लागलो. पहिला सांधा तपासला तेव्हा तो योग्यच होता. बोल्ट त्यानंतर केव्हा सैल झाला याला पुरावा नाही. आठही सांधे निर्दोष असण्याचा संभव मोठा आहे. आणि उड्डाणात इतका ताण सहसा येतही नसेल. त्याने सारे ऐकून घेतले आणि शांतपणे म्हटले, "मामा, तुमच्या कोर्टात संशयाचा फायदा आरोपीला मिळतो. इथे संशयाचा फायदा घेणारा कोणी नाही. संशय आला की कापायचे."

त्या वाक्याने मला माझीच एक गोष्ट आठवली. वकिलीच्या तिसऱ्या वर्षी एका प्रतिज्ञापत्रावर 'या इसमास मी ओळखतो' असे लिहून मी सही केली होती. कारकुनाने त्या माणसाला समोर आणले, त्याने नाव सांगितले, मी मान डोलावली. तो माणूस तो नव्हता. एका वृद्ध विधवेचा घरातील हिस्सा त्या कागदामुळे सात वर्षे अडकून पडला. मला कोणी दोषी धरले नाही. माझा हेतू शुद्ध होता, आणि मला संशयाचा फायदा मिळाला. पण त्या बाईंची सात वर्षे मला कोणी परत देता आली नाहीत. माझी सही हा दोन माणसांच्या विश्वासाचा सांधा होता, तो दिसायला उत्तम होता, आणि ताण येताच सरकला. पट्टी लावून पाहण्याचे काम माझे होते.

अक्का आतापर्यंत गप्प होती. विमान उडण्यापूर्वी कुळदेवतेला कौल लावायचा, देवीच्या अंगावरची पाकळी उजवीकडून पडली तरच मुलाला होकार द्यायचा, हे तिने मनाशी पक्के केले होते, आणि त्यावरून मायलेकांत रोज कुरबुर चाले. त्या रात्री मुलाने तिला सारे खरे सांगितले. ती घाबरून 'आता पुरे कर' म्हणेल, अशी माझी अपेक्षा होती. ती एवढेच म्हणाली, "देव राखता, पूण आमीय पळोवंक जाय." मग तिने विचारले, "पत्रा उघडायला किती दिवस लागतील?"

दोन महिने लागले. परत गेल्यावर त्याने रिवेट काढले, आठही टोके कापली, चारही केबली नव्याने केल्या, प्रत्येक नळीला पट्टी लावली, प्रत्येक केबल ओढून पाहिली आणि वहीत तारखेसह नोंद केली. कापलेल्या जुन्या आठ सांध्यांनाही त्याने पट्टी लावली. सात बरोबर निघाले, एक नाही. तो एक डाव्या पायाखालच्या सुकाणूच्या केबलीचा होता.

ती नळी त्याने मला पाठवली आहे, आणि ती माझ्या मेजावर शिक्क्याशेजारी असते. सहीसाठी माणूस समोर उभा राहिला की मी त्याचे कागद मागतो, दोन प्रश्न अधिक विचारतो. अशील कंटाळतात, कारकून घड्याळाकडे पाहतो. विमान अजून उडालेले नाही. तपासनीस यायचा आहे. आणि कौल कधी लावणार, असे परवा मी अक्काला विचारले, तेव्हा ती म्हणाली, "आधी त्याची वही पुरी होऊ दे. अर्धे काम करून देवीला काय विचारायचे?"