आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी

केनियाच्या सहलीचे पैसे भरून चार महिने झाले होते. निघायला सतरा दिवस राहिले, तेव्हा सहल कंपनीतल्या मुलीचा फोन आला, "मॅडम, यलो फीव्हरची लस झाली ना?"

"कसली लस?" मी विचारलं.

तिला वाटलं होतं की आधीच कुणीतरी सांगितलं असेल. लस टोचल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं. म्हणजे हातात उरला जेमतेम आठवडा. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने नेमून दिलेल्या केंद्रातच घ्यावी लागते. धडपड करून मुंबईतल्या एका केंद्राची वेळ मिळवली आणि मी, हे, आमचा मुलगा आणि ६७ वर्षांची आत्या असे चौघं ठाण्याहून सकाळीच निघालो.

बाकांवर जहाजावर जाणारी पोरं होती, आफ्रिकेत कामाला निघालेले वेल्डर होते, आणि टोप्या-दुर्बिणी घेऊन ठेवलेले आमच्यासारखे हौशी. एका कुपीत अनेकांचे डोस असतात आणि उघडलेली कुपी काही तासांतच संपवावी लागते, म्हणून माणसं जमेपर्यंत थांबायचं.

आत्याची पाळी आली. डॉक्टर बाईंनी विचारलं, "काकू, अंड्याची अ‍ॅलर्जी? काही औषधं चालू?"

"छे हो. सांध्यांसाठी एक गोळी, तीसुद्धा आठवड्यातून एकदाच."

"नाव काय गोळीचं?"

आत्याने पर्समधून पाकीट काढून दिलं. त्यावर मेथोट्रेक्सेट असं लिहिलं होतं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ही लस म्हणजे कमजोर केलेला, पण जिवंत विषाणू. आणि ती गोळी प्रतिकारशक्ती दाबणारी. शिवाय साठीनंतर या लसीचा धोका मुळातच थोडा वाढतो. "तुम्हाला नाही देता येणार," त्या म्हणाल्या. लस देता येत नाही असं पत्र मिळू शकतं, पण यलो फीव्हरवर, म्हणजे पीतज्वरावर, नेमकं औषध नाही, हेही त्यांनी सांगितलं. आत्या पाकीट पर्समध्ये ठेवत एवढंच म्हणाली, "तुम्ही जाऊन या."

आम्हा तिघांच्या दंडावर सुई टोचली, अर्धा तास बसवून ठेवलं आणि पासपोर्टचा नंबर घातलेली पिवळी पुस्तिका हातात दिली. हीच १७डी लस १९३०च्या दशकात तयार झाली. तिच्यासाठी मॅक्स थायलर यांना १९५१ साली नोबेल मिळालं. पूर्वी दर दहा वर्षांनी ती पुन्हा घ्यावी लागे, २०१६पासून प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं.

ठाण्याला परतल्यावर घरच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी टायफॉइडची लस दिली, धनुर्वाताची तारीख तपासली आणि हिपॅटायटिस ए-ची लस फक्त मुलाला टोचली. आम्हा दोघांच्या रक्ताच्या तपासणीत त्या आजाराविरुद्धची प्रतिपिंडं निघाली. "तुम्ही दोघं विहिरीचं पाणी पिऊन वाढलात," डॉक्टर हसत म्हणाले, "ही कावीळ तुम्हाला नकळत होऊन गेली असणार. याने जन्मापासून फिल्टरचंच पाणी प्यायलंय."

केनियात मसाई मारात सिंह पाहिले, नदी ओलांडणारी विल्डबीस्ट पाहिली. पण पुस्तिका खरी लागली ती मुंबईत उतरल्यावर. पासपोर्टच्या रांगेआधीच आरोग्य विभागाचं टेबल होतं. माणसाने तारीख पाहिली, शिक्का पाहिला आणि पुढे सोडलं. शेजारी एका तरुणाला मात्र बाजूला बसवलं होतं. त्याच्याकडे पुस्तिका नव्हती; अशा प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पीतज्वर पसरवणारा एडिस डास आपल्या घरच्या कुंड्यांच्या ताटल्यांत आधीपासून आहे, डेंगी तोच देतो. आपल्याकडे नाही तो फक्त हा विषाणू. आपण तो रक्तातून घेऊन आलो, तर बाकीचं काम इथले डास करतील.

आत्याकडे फोटो दाखवायला गेले. सिंहांपेक्षा तिने पुस्तिकाच जास्त वेळ पाहिली.

"आयुष्यभर चालते म्हणतेस ना? मग नीट ठेव," ती म्हणाली. "आणि पुढच्या वेळी तिकिटाआधी माझी गोळी दाखव डॉक्टरांना."