चट्टे आणि चारचौघे

दोन वर्षांपूर्वीं श्रावणांत आमच्या दंडावर व पाठीवर चार तांबूस उंचवटे उमटले. खाज नाहीं, वेदना नाहीं. म्हणून आम्हीं दुर्लक्ष केलें. परंतु रंकाळ्यावर फिरावयास येणारे एक स्नेही ते पाहून हळूच दोन पावलें सरकले. त्यांच्या मनांत कोणत्या रोगाचें नांव आलें, तें आम्हांस न सांगतां कळलें. त्या दिवसापासून आम्ही नातवास मांडीवर घेईनासे झालों.

त्वचारोगतज्ज्ञांनीं प्रथम चट्ट्यांवर कापूस फिरविला. कुष्ठांत बहुधा स्पर्शज्ञान मंदावतें. आमचें शाबूत होतें. मग त्वचेचा तुकडा तपासून व क्षयाचा संशय दूर करून निदान झालें: सारकॉइडोसिस. 'सारकॉइड' म्हणजे मांससदृश. नॉर्वेचे वैद्य बोक यांनीं १८९९ सालीं हें नांव योजिलें. यांत शरीराच्या संरक्षक पेशी एकत्र जमून बारीक गांठी करतात. मूळ कारण अद्याप निश्चित नाहीं. मात्र रोग सांसर्गिक नव्हे.

आम्हीं तत्काळ गोळ्या मागितल्या. डॉक्टर हंसून म्हणाले, "गुरुजी, गोळ्या रोगासाठीं हव्यात कीं लोकांसाठीं?"

छातीचें क्ष-किरण चित्र, डोळे, हृदयाचा आलेख, रक्तांतील कॅल्शियम, सर्व निर्दोष निघालें. रोग त्वचेपुरताच असला तर पुष्कळदां तो कांहीं महिन्यांत वा वर्षांत आपोआप ओसरतो. मात्र नाकागालांवर जांभळट गांठी आल्या, तर त्या चिवट असतात व वण ठेवतात; तेथें विलंब नको. फुप्फुस, डोळे वा हृदय ग्रासलें तरीही तसेंच. उपाय पायरीपायरीचे आहेत: स्टेरॉइडचें मलम, गांठींत सुई, पुढें हायड्रॉक्सिक्लोरोक्विन, पण डोळे तपासून, मेथोट्रेक्सेट, पण रक्त तपासून, आणि स्टेरॉइडच्या गोळ्या. या गोळ्यांनीं आमचा मधुमेह भडकला असता. घरांत विचारविनिमय होऊन मलम, नियमित तपासणी व धीर एवढेंच ठरलें.

आज दोन चट्टे गेले, एक फिकट झाला; दंडावरचा आहे तसाच आहे. नातू त्यावर बोट ठेवून गोष्ट ऐकतो. आम्ही अर्ध्या बाह्यांचा सदरा घालूनच रंकाळ्यावर जातों.

एक लज्जा मात्र उरली. 'हें कुष्ठ नव्हे' असें त्या स्नेह्यांस आम्हीं किती अभिमानानें सांगितलें! वस्तुतः कुष्ठही औषधानें बरें होतें. तीं दोन पावलें त्या रोग्यापासूनही मागें घेण्याचें कारण नव्हतें.