थांबते का?

पन्नाशी उलटल्यावर माणसाला कोणते छंद लागावे, याविषयीं आपल्या समाजाचे संकेत ठरलेले आहेत. कोणी पहाटे उठून पर्वती चढूं लागतो, कोणी पेटीवर बोटें फिरवूं लागतो, कोणी ज्ञानेश्वरीचें पारायण आरंभितो. यांपैकीं एखादा छंद मला लागला असता, तर घरांत किंवा महाविद्यालयांत कोणीं चकार शब्द काढला नसता. परंतु गेल्या वर्षीं दिवाळीच्या सुटींत मीं एक जुनी मोटार विकत घेतली. मोटार १९७० सालची, मी १९७१ सालचा. म्हणजे ती माझ्याहून एका वर्षानें वडील. "इतिहास शिकविणाऱ्या माणसानें जुन्या वस्तूंविषयीं वाचावें, त्यांत बसूं नये," असा अभिप्राय आमच्या एका सहकाऱ्यांनीं दिला, आणि आमच्या सौभाग्यवतींनीं "ठेवायची कुठें?" एवढाच प्रश्न विचारून पुढची चर्चा बंद केली.

गाडी फिआट ११०० डी. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत या गाड्या तयार होत. पुढें १९७४ च्या सुमारास याच गाडीचें 'पद्मिनी' असें बारसें झालें, आणि काळ्यापिवळ्या टॅक्सीच्या रूपानें ती मुंबईकरांच्या घरचीच झाली. इंजिन अवघें १०८९ घन सेंटिमीटरचें. गिअरचा दांडा पायांजवळ नसून स्टिअरिंगच्या दांड्याला लावलेला. आणि पुढें वेगवेगळ्या खुर्च्या नसून एक सलग बाक. खरें सांगायचें तर त्या बाकासाठींच मीं ती गाडी घेतली. माझ्या वडिलांपाशीं, अण्णांपाशीं, अशीच एक फिआट होती. वकिली बेताची, गाडी दोन मालकांच्या हातांखालून गेलेली आणि एका अशिलाकडून स्वस्तांत मिळालेली. मे महिन्यांत आम्ही तींतून आईच्या माहेरीं, वाईला, जात असूं. ताई मागें पाय पसरून झोपे, आणि मी पुढें, अण्णा व आई यांच्या मध्यें बसे. माझ्या आयुष्यांतलें तें पहिलें सिंहासन. तसा बाक मिळाला म्हणजे तें लहानपणहि त्याच्याबरोबर परत मिळेल, असा माझा भाबडा हिशेब होता.

घेतली तेव्हां गाडी चालत होती. निदान विकणाऱ्या गृहस्थांच्या घरापासून माझ्या घरापर्यंत ती चालली. "ब्रेकचें पेडल दोनदां दाबा, म्हणजे लागतो," असें त्यांनीं सांगितलें होतें, आणि जुन्या गाडीचा हा एखादा लडिवाळ स्वभावच असावा अशा समजुतीनें मीं तें ऐकून घेतलें होतें. टायरांवरच्या नक्षीकडे बोट दाखवून ते म्हणाले होते, "बघा, नवे आहेत." मीं पाहिलें, आणि नवे आहेत असें मलाहि वाटलें.

घरीं आल्यावर मीं पहिलें काम काय केलें असेल, तर गाडीला रंग दिला. अण्णांच्या गाडीचा रंग फिकट निळा होता. तोच मला हवा होता. दोन महिने आणि जवळजवळ एक लाख रुपये त्यांत गेले. जुना रंग खरडून काढला, पोंचे काढले, बंपरांना नवें क्रोम चढविलें, बाकाला नवें कापड घातलें. गाडी परत आली त्या दिवशीं आळींतलीं मुलें तिच्याभोंवतीं जमलीं. मीं मोठ्या डौलानें दार उघडलें आणि आईला म्हणालों, "चल, बैस. पर्वतीपर्यंत जाऊन येऊं."

आईनें आतां ब्याऐंशी ओलांडली आहेत. ती पायरीवर उभी राहून गाडीकडे बराच वेळ पाहत राहिली. रंग तिनें ओळखला, हें मला दिसलें. मग ती म्हणाली, "चालते हें दिसतेंच आहे. थांबते का?"

मीं हंसून कांहीं तरी उत्तर दिलें. ती हंसली नाहीं. आंत जाऊन तिनें भाजी निवडायला घेतली. मी पाठोपाठ गेलों, तेव्हां तिनें मला एक गोष्ट सांगितली. ती गोष्ट मलाहि ठाऊक होती, असें तोंवर मी समजत होतों.

१९७९ च्या मे महिन्यांत आम्ही वाईला जातांना खंबाटकीच्या घाटांत थांबलों होतों. माझी मुंज नुकतीच झाली होती आणि डोक्यावर केंस नव्हते, म्हणून तो प्रवास माझ्या चांगला ध्यानांत आहे. एका झाडाखालीं आम्ही बसलों, अण्णांनीं पळसाच्या पानांचा द्रोण भरून करवंदें आणलीं, आणि दुपारभर आम्ही तेथेंच होतों. माझ्या लेखीं ती सहल होती. पुढें कित्येक वर्षें करवंदांचा वास आला कीं मला तो घाट आठवे.

"सहल कसली!" आई म्हणाली. "उतारावर ब्रेक गेला होता. पेडल पार खालीं टेंकलें. यांनीं गिअर खालचा टाकला, हातब्रेक ओढला, आणि डोंगराकडच्या चरांत चाकें घालून गाडी कशीबशी थांबविली. तूं मध्यें बसला होतास. मीं तुला घट्ट धरलें, तर 'दुखतें' म्हणून ओरडलास. मिस्त्रीनें आधींच सांगितलें होतें, ब्रेकचीं रबरें बदला म्हणून. पण तुझ्या मुंजीचें देणें व्हायचें होतें, म्हणून तें काम पुढच्या महिन्यावर टाकलें होतें."

"पण अण्णा तर हंसत हंसत करवंदें घेऊन आले होते," मी म्हणालों.

"आले हंसत. पण गेले होते कशाला? हात थरथरत होते, ते तुम्हां मुलांना दिसूं नयेत म्हणून."

या उत्तरावर मला बोलतां येईना. अण्णांनीं ब्रेकचें काम पुढें ढकललें तें पैसा नव्हता म्हणून. मींहि तेंच काम पुढें ढकललें होतें. माझ्यापाशीं पैसा होता, आणि तो मीं रंगावर खर्च केला होता.

दुसऱ्या दिवशीं मी नाना पेठेंतल्या एका मिस्त्रींकडे गेलों. वय सत्तरीच्या घरांतलें. उभा जन्म फिआट गाड्यांखालीं आडवें पडून काढलेला. त्यांनीं पेडल एकदां दाबून पाहिलें, टायरांवरचे आंकडे वाचले, पुढचें चाक दोन्ही हातांनीं धरून हलविलें, आणि मग उगीच माझ्या समाधानासाठीं म्हणून गाडीभोंवतीं एक फेरी मारली. "सर, रंग छान बसला आहे," ते म्हणाले, "पण रंग उभ्या गाडीचा बघायचा असतो."

टायरांच्या कडेवर चार आंकडी संख्या असते. पहिले दोन आंकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. माझ्या 'नव्या' टायरांवर २३१२ अशी संख्या होती, म्हणजे ते २०१२ सालच्या तेविसाव्या आठवड्यांत जन्मलेले होते. नक्षी शाबूत, पण रबर वाळून कडक झालेलें. इतिहासाचा प्राध्यापक असून इतका उघडा शिलालेख मला वाचतां आला नव्हता.

मिस्त्रींनीं एका पुठ्ठ्यावर कामांचा क्रम लिहून दिला: ब्रेक, स्टिअरिंग, टायर, वायरिंग, पेट्रोलची नळी, आणि शेवटीं इंजिन. इंजिन शेवटीं कां, असें मीं विचारलें. ते म्हणाले, "इंजिन बिघडलें तर गाडी उभी राहते. ब्रेक बिघडला तर राहत नाहीं."

पुढचे साडेतीन महिने प्रत्येक रविवारीं मी त्यांच्याकडे एका पालथ्या खोक्यावर बसून असें. मागतील तो पाना हातांत देणें हें माझें काम. या गाडीच्या चारहि चाकांना ड्रमचे ब्रेक, आणि त्या चारांना मिळून तेलाचा एकच मार्ग. एका चाकापाशीं तेल गळूं लागलें तरी चौघांचा दाब जातो. पेडल दोनदां दाबावें लागे याचा अर्थ मला तेथें कळला. ड्रम उघडले तेव्हां मागच्या दोन सिलिंडरांतून तेल पाझरून लायनरवर पसरलें होतें, आणि आंतल्या भिंतीला गंजानें खड्डे पडले होते. ब्रेकचें तेल हवेंतली ओल हळूहळू शोषून घेतें. त्या ओलीनें सिलिंडर आंतून गंजतो. शिवाय लांब उतारावर ब्रेक तापले कीं तेंच पाणी उकळतें, त्याची वाफ होते, आणि वाफ दाबली जाते म्हणून पेडल खालीं जातें. खंबाटकीला रबरानें दगा दिला कीं वाफेनें, हें आतां कोण सांगणार? पण अण्णांच्या पायाखालून पेडल कसें गेलें असेल, तें मला त्या वासट तेलाकडे पाहतांना प्रथमच नीट कळलें.

सामान मिळविणें हा एक स्वतंत्र अध्याय आहे. मुंबईंत टॅक्सी धांवत होत्या तोंवर फिआटच्या सुट्या भागांना तोटा नव्हता. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली, आणि त्या बाजाराचा मोठा आधार गेला. मी कुर्ल्याला जाऊन दुकानें धुंडाळलीं. एके ठिकाणीं न फोडलेल्या पुडींतला रबरांचा संच मिळाला, तेव्हां मला धन सांपडल्याचा आनंद झाला. मिस्त्रींनीं तें रबर दोन बोटांत दाबलें. त्याला बारीक चिरा पडल्या. "दुकानांत राहूनहि रबर म्हातारें होतें, सर," म्हणून त्यांनीं तें बाजूला टाकलें. मला दुसरी खेप करावी लागली.

बाकीचीं कामें त्यामानानें सुखाचीं. किंगपिन आणि त्यांचे बुश बदलले, तेव्हां स्टिअरिंगची ढिलाई गेली. इंजिन तर केवळ पॉईंट घांसून, कार्ब्युरेटर धुऊन आणि टायमिंग बसवून गोड बोलूं लागलें. ज्याची मला सर्वांत अधिक धास्ती होती, त्यानेंच सर्वांत कमी त्रास दिला. पेट्रोलच्या नळ्या मात्र सगळ्या बदलाव्या लागल्या. आजच्या पेट्रोलांत इथेनॉल असतें. २०२५ सालीं तें प्रमाण शेंकडा २० पर्यंत गेलें. इथेनॉलहि पाणी ओढून घेणारें, आणि जुन्या रबराला तें मानवत नाहीं.

कागदोपत्रीं एक मोह पडला होता. २०२१ च्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांवरील गाडीची 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंद करतां येते. नांव भारदस्त, पण तशी गाडी रोजच्या वापरासाठीं रस्त्यावर काढतां येत नाहीं. प्रदर्शन, शर्यतीवजा मेळावे, पेट्रोल भरणें, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच ती बाहेर पडते. मला वाईला जायचें होतें. म्हणून मीं साध्या नोंदणीचेंच पांच वर्षांसाठीं नूतनीकरण करून घेतलें. निरीक्षकांनीं ब्रेक, दिवे आणि हॉर्न पाहून गाडी रस्त्याला लायक ठरविली.

मिस्त्रींची कसोटी त्याहून कडक निघाली. ते मला कात्रजच्या जुन्या घाटांत घेऊन गेले, चार वेळां चढविलें, चार वेळां उतरविलें, आणि दर उतारानंतर खालीं उतरून प्रत्येक चाकाजवळ हात धरून पाहिला. मागचें डावें चाक थंड होतें; म्हणजे तें आपल्या वाटणीचें काम करीत नव्हतें. तेथेंच रस्त्याच्या कडेला त्यांनीं तें जुळविलें. पांचव्या उतारानंतर चारहि चाकें सारखीं कोमट लागलीं, तेव्हां ते म्हणाले, "आतां आईसाहेबांना न्या."

आईनें तेवढ्यावरहि विश्वास ठेवला नाहीं. तिनें मला आळीच्या टोंकापासून तीनदां गाडी आणून दारासमोर थांबवायला लावली, आणि स्वतः काठी टेंकून पायरीवर उभी राहिली. तिसऱ्या वेळीं ती कांहीं न बोलतां आंत गेली आणि पिशवी घेऊन बाहेर आली.

मे महिन्याची पहाट होती. शिरवळ मागें पडलें, घाट चढला, आणि उतार लागतांच मीं गाडी दुसऱ्या गिअरमध्यें घेतली. आईचा हात पुढच्या फळीवर होता. पेडल पहिल्याच दाबाला पायाखालीं घट्ट लागत होतें. एका वळणापाशीं ती म्हणाली, "इथेंच." ती जागा तीच होती कीं नव्हती, कोण जाणे, रस्ता पार बदलला आहे. जरा पुढें रुंद जागा होती, तेथें मीं गाडी कडेला घेतली. ती शांतपणें उभी राहिली.

एक बाई टोपलींत करवंदें घेऊन बसली होती. मी उतरून तिकडे गेलों, आणि जातांना एकदां आपल्या हातांकडे पाहिलें. ते अगदीं स्थिर होते, असें म्हणण्याचें धाडस मी करणार नाहीं.

द्रोण घेऊन परत आलों, तेव्हां आई मान वळवून मागच्या बाकाकडे पाहत होती. "एवढी जागा रिकामी चालली आहे," ती म्हणाली. "पुढच्या खेपेला ताईलाहि घेऊं."