आमच्या वेळचा गोल

कोल्हापुरात नवे बिऱ्हाड केलेल्या माणसाने आधी गॅस घ्यावा की आधी फुटबॉलची टीम धरावी, असा प्रश्न पडला तर त्याने बेलाशक टीम धरावी. गॅसवाचून चार दिवस निघतात. सकाळी मिसळ आणि रात्री गंगावेशीत कट्ट्यावर डोळ्यांदेखत धार काढलेले म्हशीचे दूध, एवढ्यावर माणूस तगतो. टीमवाचून मात्र तो ना घरचा ना घाटचा. मी मंगळवार पेठेत राहायला आलो तेव्हा शेजारच्या गृहस्थांनी माझे आडनाव विचारले नाही, नोकरी विचारली नाही. "मग, तुमी कुणाकडनं?" एवढेच विचारले आणि मी तोंड उघडायच्या आत उत्तरही त्यांनीच ठरवून टाकले. आमची टीम कोणती ते इथे लिहीत नाही. मला कामानिमित्त शिवाजी पेठेतही जावे लागते.

बाहेरच्या माणसाचा पहिला गोंधळ नावांवरून होतो. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम. तालीम म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे लाल माती, लंगोट आणि बदामाची थंडाई येते. आणि ही मंडळी तर शाहू स्टेडियमवर बूट घालून फुटबॉल खेळत असतात! पण ज्या गावात शाहू महाराजांनी कुस्तीसाठी खासबागेचे मैदान बांधले, त्या गावात फुटबॉलही तालमीच्याच घरात वाढणार. दोन्ही खेळ एका छपराखाली गुण्यागोविंदाने नांदतात. कधीकधी एकाच मॅचमध्येही नांदतात, आणि मग पोलिसांना मैदानात यावे लागते.

मैदानावरची मॅच तासा-दीड तासात आटपते. आमच्या चौकातल्या कट्ट्यावर ती आठवडाभर चालते. तिथे चार-पाच कायमचे सभासद. एक निवृत्त मास्तर, एक रिक्षावाले दादा, एक स्पेअर पार्टचे दुकानदार आणि आबा. आबा म्हणजे टीमचे जुने सेंटर फॉरवर्ड. हल्ली गुडघ्याला पट्टा असतो. बोलतात कमी.

या कट्ट्याचे व्याकरण मी हळूहळू शिकलो. टीम जिंकली की क्रियापद प्रथमपुरुषी. "आपण काय खेळलो काल!" हे म्हणणाऱ्या दुकानदारांनी गेल्या वीस वर्षांत रस्ता ओलांडण्यापलीकडे धावपळ केलेली नाही. टीम हरली की तेच क्रियापद तृतीयपुरुषी होते. "ह्या पोरांस्नी पळायलाच नको." बरोबरी झाली तर कर्माला हात घालतात, म्हणजे रेफ्रीला.

फुटबॉलवरून गाडी देशकारणावर केव्हा जाते, ते कळत नाही. काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनचे पाणी २०२३ साली शहरात आले, तेव्हा मास्तर म्हणाले, "पास चांगला होता, पण एक्स्ट्रा टायमात आला." २०२५ च्या ऑगस्टमध्ये हायकोर्टाचे सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झाले. वकिलांनी कित्येक वर्षे त्यासाठी आंदोलने केली होती. कट्ट्यावर पेढे वाटले गेले. पेढा तोंडात टाकून रिक्षावाले दादा म्हणाले, "बेंच मिळालं, झ्याक झालं. आता आपली पेठेतली पोरं बेंचवरनं कवा उठणार तेवढं इचारा."

हसले सगळे, पण ते दुखणे खरे आहे. आता टीमा बाहेरचे खेळाडू आणतात. नायजेरियाची मुलेही इथे खेळून गेली. त्यांच्यावर कट्ट्याचा राग नाही; त्यांतला एक तर वर्षभरात अस्सल सुरात 'काय भावा' म्हणायला शिकला होता. प्रश्न जागांचा आहे. मैदानात अकराच मावतात. पहाटे उठून पळणारा पेठेतला पोरगा मग पाण्याच्या बाटल्या सांभाळतो.

अशा वेळी २०१७ साल निघते. १७ वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्ड कप त्या वर्षी भारतात झाला. फुटबॉलच्या वर्ल्ड कपात भारत पहिल्यांदाच उतरत होता, आणि त्या संघात कोल्हापूरच्या रिक्षावाल्याचा मुलगा होता, अनिकेत जाधव. ६ ऑक्टोबरला दिल्लीत अमेरिकेने आपल्याला ३-० असे हरवले. त्या रात्री कट्ट्यावर मी प्रथमच व्याकरण मोडलेले ऐकले. दुकानदार म्हणाले, "आपण हरलो." कुणी 'ती पोरं' म्हटले नाही. रिक्षावाल्या दादांनी तर तो पराभव घरच्या कार्यासारखा मिरवला.

पण कट्ट्याचे खरे दैवत म्हणजे आबांचा गोल. फायनलची शेवटची मिनिटे, चिखल, समोर दुसऱ्या पेठेचा धिप्पाड कीपर. मी पहिल्यांदा हा गोल ऐकला तेव्हा तो वीस यार्डांवरून होता. दोन वर्षांनी तीस यार्डांवर गेला. हल्ली तो हाफ लाइनच्या जरा अलीकडून मारला जातो आणि मध्ये तीन माणसे चकवली जातात. सांगतात मास्तर. आबा शेजारी बसून चहा पितात. हो नाही, नाही नाही. त्या गोलाने त्यांना एक ढाल, एक फेटा आणि मिरवणूक दिली. नोकरी दिली नाही. मग यार्ड वाढवून द्यायला कट्ट्याचे काय जाते? पेन्शन समजा.

परवा मॅच संपल्यावर टीमचा एक पोरगा कट्ट्यावर येऊन बसला. अठरा-एकोणीस वर्षांचा. बूट कोरे. सलग पाचव्या मॅचला त्याला उतरवले नव्हते. "आबा, सोडतोय मी खेळ," म्हणाला.

मास्तरांनी त्याला धीर देण्यासाठी गोल काढला. हाफ लाइनपर्यंत पोचलेही. पोरगा आणखीनच खाली बघू लागला. मग मास्तर चहाचे सांगायला उठले, तेव्हा आबा त्याच्याकडे सरकले आणि हळूच म्हणाले, "सा यार्डांवरनं हुता."

"काय?"

"गोल. आन् मारला न्हाई मी. गुडघ्याला लागून गेला. त्या साली सात मॅची बाहेर बसलोवतो मी. एकाचा पाय मुरगाळला म्हणून आत घातला. पर बॉल आला तवा मी तितं हुतो. तू तितं ऱ्हा."

पोरगा काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे दूध आणायला निघालो तर तो पळताना दिसला.

काल कट्ट्यावर कुणी पाहुणा आला होता. मास्तरांनी त्याला गोल सांगायला घेतला. हाफ लाइन आली, पहिला चकला, दुसरा चकला, तिसरा चकला. पोरगा तिथेच उभा होता. तो अगदी गंभीरपणे म्हणाला,

"मास्तर, चार हुते की."

आबांनी चहाचा कप तोंडाला लावला.