गिसाल्लोच्या घाटमाथ्यावर

उत्तर इटलींतील कोमो सरोवर नकाशांत पाहिलें तर दोन पाय फांकून उभ्या राहिलेल्या मनुष्यासारखें दिसतें. त्या दोन पायांच्या बेचक्यांत बेल्लाजिओ नांवाचें गांव आहे. तेथील बंगले, फुलबागा आणि पाण्यांत उतरलेल्या दगडी पायऱ्या यांची स्तुति प्रवासवर्णनांतून इतकी झालेली आहे कीं, तींत आमची भर नको. आम्हांस वाचकांना न्यावयाचें आहे तें गांवाच्या पाठीमागें, डोंगरावर. आणि तिकडे जाणारा रस्ता गांवाच्या शेवटच्या घरांपासूनच अंगावर येतो.

हा रस्ता सुमारें साडेदहा किलोमीटरांचा आहे. प्रथम तो नागमोडी वळणांनीं ताठ चढतो. मग मध्यें कांहीं अंतर जवळजवळ सपाट होतो, तेव्हां नवख्याला वाटतें कीं झाला घाट. आणि अखेरच्या टप्प्यांत पुन्हां उभा राहतो. मोटारींतून जाणाऱ्यास यांतलें कांहींच समजत नाहीं. सायकलीवरून चढणाऱ्यांचे चेहरे मात्र पाहण्यासारखे असतात. कोणी साठीचा वृद्ध, कोणी कॉलेजांत जाणारी मुलगी, सारीं मान खालीं घालून, एकमेकांशीं अक्षरही न बोलतां, वर जात असतात. माथ्याची उंची समुद्रसपाटीपासून ७५४ मीटर आहे. आपल्या माथेरानाहून किंचित् कमीच. तेथें एक लहानसें देऊळ आहे, त्याचें नांव मादोन्ना देल गिसाल्लो.

गिसाल्लो हा मध्ययुगांतील कोणी सरदार; वाटेंत दरोडेखोरांनीं गांठलें असतां समोर दिसलेल्या कुमारी मेरीच्या मूर्तीकडे त्यानें धांव घेतली आणि त्याचे प्राण वांचले, अशी कथा सांगतात. तेव्हांपासून ही वाटसरूंची देवी झाली. बोरघाटांतून जाणारा गाडीवान शिंग्रोबापुढें पैसा टाकल्यावांचून पुढें जात नसे, हें ज्यांना ठाऊक आहे त्यांना या कथेचें नवल वाटणार नाहीं. नवल पुढेंच आहे. या रस्त्यानें शर्यतींचे सायकलस्वार जाऊं लागले. १९१९ पासून लोंबार्दीची प्रसिद्ध शर्यत या घाटानें नेऊं लागले. आणि सायकलस्वारांनीं ही देवी आपली म्हणावयास सुरुवात केली. तेथील धर्मोपदेशक एर्मेलिंदो विगानो यांनीं खटपट करून हें नातें धर्मपीठाकडून मान्य करून घेतलें. १९४८ सालीं पोप बारावे पायस यांनीं आशीर्वाद दिलेली ज्योत रोमहून सायकलस्वारांनीं हातोहात येथें आणली, आणि १३ ऑक्टोबर १९४९ रोजीं ही देवी सायकलस्वारांची अधिकृत संरक्षक देवता ठरली.

देवळांत पाऊल टाकतांच प्रथम हंसूं येतें आणि लगेच तें ओसरतें. आपल्याकडे नवसाच्या घंटा, चांदीचे डोळे, लांकडी पाळणे टांगलेले असतात. येथें भिंतींवर सायकली टांगलेल्या आहेत! कोप्पी, बार्ताली, मेर्क्स यांच्या सायकली आहेत. जिंकलेल्या शर्यतींचे रंगीत सदरे आहेत. परंतु पाय थबकतात ते फाबिओ कासार्तेल्ली याच्या सायकलीपाशीं. हा याच कोमोकडचा मुलगा. १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकांत त्यानें सुवर्णपदक मिळविलें, आणि १८ जुलै १९९५ रोजीं फ्रान्सच्या शर्यतींत पिरेनीज पर्वताचा एक उतार उतरतांना पडून तो मरण पावला. त्या दिवशींची त्याची मोडकी सायकल येथें आणून ठेवली आहे. नवस फेडल्याच्या खुणांमध्यें न फिटलेल्या नवसाचीही खूण ठेवणारें देऊळ आम्हीं दुसरें पाहिलें नाहीं.

याच माथ्यावर आल्फोन्सिना स्त्रादा या बाईंचीही एक सायकल जपून ठेवलेली आहे, आणि खरें सांगावयाचें तर तिच्यासाठींच आम्ही हा घाट चढून आलों.

आल्फोन्सिना मोरिनी हिचा जन्म १८९१ सालीं मोदेना शहराजवळ, कास्तेलफ्रांको एमीलिया येथील शेतमजुरांच्या घरीं झाला. खाणारीं तोंडें पुष्कळ आणि मिळकत थोडी. दहा वर्षांची असतां बापानें कोठून तरी एक जुनी सायकल घरीं आणली, ती या मुलीच्या हातीं लागली, आणि मग ती सुटेना. रविवारीं प्रार्थनेस जातें असें आईला सांगून ती शर्यतींस जात असे, अशी आठवण सांगतात. गांवकरी तिला परकऱ्यांतला सैतान म्हणत. १९०५ मध्यें लुइजी स्त्रादा या कारागिराशीं तिचा विवाह झाला. या गृहस्थानें लग्नाची भेट म्हणून बायकोला दिली ती शर्यतीची नवी सायकल. नवऱ्याच्या आडनांवाचा इटालियन भाषेंत अर्थही 'रस्ता' असाच आहे! आम्हांस या लुइजीविषयीं फार आदर वाटतो. त्या काळीं, त्या समाजांत, बायकोच्या हौसेला 'चालू दे' म्हणणारे थोडे भेटले असते. तिला वाहन आणून देणारा विरळाच.

१९१७ सालीं महायुद्ध चालू असतां लोंबार्दीच्या शर्यतींत बाईंनीं पुरुषांबरोबर नांव घातलें. शर्यत पुरी करणाऱ्यांत त्या शेवटच्या आल्या, विजेत्या फिलीप तीस याच्या मागून दीड तासानें. परंतु कित्येक पुरुष वाटेंतच शर्यत सोडून गेले होते. पुढच्या वर्षीं त्यांचा क्रमांक २१ वा लागला.

आतां १९२४ ची गोष्ट. इटलीची मोठी परिक्रमा, म्हणजे जीरो, 'ला गाझेत्ता देल्लो स्पोर्त' हें गुलाबी कागदावर छापलें जाणारें वृत्तपत्र भरवीत असे. त्या वर्षीं मोठमोठ्या संघांचा आणि चालकांचा पैशावरून बेबनाव झाला व नामांकित गडी घरीं बसले. रिकाम्या रंगभूमीवर प्रेक्षक येणार कसे? चालकांनीं जाहीर केलें कीं, कोणीही एकट्यानें यावें. अन्न व निवारा आम्ही देऊं. बाईंनीं अर्ज केला आणि तो मंजूर झाला. यादींत नांव छापलें तें 'आल्फोन्सिन', म्हणजे शेवटचा स्वर गाळून, जणूं एखाद्या पुरुषाचें. ही छापखान्याची चूक कीं चालकांची युक्ति, यावर अजून वाद होतो. आमचें मत युक्तीच्या बाजूचें आहे, कारण गुपित फुटल्यावर ज्यांचा खप वाढावयाचा त्यांनींच तें यादींत लपविलें होतें.

शर्यत १२ टप्प्यांची आणि ३,६१३ किलोमीटरांची होती. १० मे रोजीं मिलानहून ९० जण निघाले. रस्ते धुळीचे व खडीचे, सायकली जड, चढ आला कीं खालीं उतरून मागचें चाक काढून उलटें बसवावयाचें, तेव्हां कोठें दांते बदलावयाचे, आणि मोडतोड झाल्यास दुरुस्ती ज्याची त्यानें करावयाची. दक्षिणेकडे जातांना बाई दररोज वेळेंत पोंचत होत्या. लोक पाहावयास येत ते हंसण्यासाठीं, आणि जात ते टाळ्या वाजवून. मग आला लाक्विला ते पेरुजा हा २९६ किलोमीटरांचा टप्पा. त्या दिवशीं पाऊस आणि वारा यांनीं कहर केला. बाई पडल्या, त्यांना मुका मार लागला, आणि सायकलीचें हँडल मोडलें. तेव्हां एका शेतकऱ्याच्या घरांतून झाडूचा दांडा मिळाला, तो तोडून मोडक्या हँडलाच्या जागीं बसविला, आणि त्याच्या आधारानें बाईंनीं उरलेलें अंतर काटलें. पेरुजास पोंचल्या तेव्हां ठरलेली वेळ टळून गेली होती.

नियमाप्रमाणें त्या बाद झाल्या. पंचांत दुमत झालें. कांहींनीं म्हटलें, नियम तो नियम. कांहींना ठाऊक होतें कीं, लोक रस्त्यावर उभे राहतात ते कोणासाठीं. अखेर तोड निघाली कीं, बाईंनीं पुढें चालावें, खर्च चालक देतील, परंतु त्यांचा क्रमांक धरला जाणार नाहीं. म्हणजे श्रम सगळे करावयाचे, हजेरी मात्र लागावयाची नाहीं. घराघरांतील स्त्रियांना हा न्याय अपरिचित नसेल.

बाईंनीं तो पत्करला. पुढें बोलोन्यापासून फ्यूमेपर्यंतचा टप्पा ४१५ किलोमीटरांचा होता. मुंबईहून सायकलीवर निघून कोल्हापूर गांठावें आणि तरीही कांहीं कोस उरावेत, इतका. हें फ्यूमे त्याच वर्षीं इटलीच्या ताब्यांत आलें होतें. आज तें क्रोएशियांत रियेका या नांवानें ओळखलें जातें. वाटेंत पुन्हां पडून जखमी झालेल्या बाई तेथें पोंचल्या तेव्हां वेदनांनीं रडत होत्या. जमलेल्या लोकांनीं त्यांना सायकलीवरून उचलून खांद्यावर घेतलें. १ जून रोजीं मिलानला शर्यत संपली. विजेता जुझेप्पे एन्रिची. क्रमवारींत ३० नांवें आहेत. एकतिसावी व्यक्ति मिलानपर्यंत सायकल चालवीत आली होती. तिचें नांव तींत नाहीं.

पुढच्या वर्षीं नामांकित गडी परत आले, आणि बाईंचा अर्ज नाकारला गेला. त्या खेळल्या त्या पुढें निरनिराळ्या देशांतील धांवपट्ट्यांवर आणि तमाशाच्या रंगणांत. नवऱ्याचें मन बिघडून त्याला रुग्णालयांत ठेवावें लागलें होतें. पोट कोणाला चुकलें आहे? उतारवयांत मिलानला त्यांनीं सायकलींचें दुकान चालविलें आणि १३ सप्टेंबर १९५९ रोजीं त्या वारल्या. त्या दिवशींही त्या मोटारसायकलीवरून एक शर्यत पाहून आल्या होत्या.

देवळाला लागूनच २००६ पासून सायकलींचें मोठें संग्रहालय आहे. त्यासाठीं झटलेल्या फिओरेंझो माञ्ञी यांची एक कथा येथें प्रत्येकाच्या तोंडीं आहे. १९५६ च्या जीरोंत पडून त्यांच्या गळ्याखालचें हाड मोडलें. डाव्या हातानें हँडल ओढवेना, म्हणून चाकाच्या ट्यूबचा तुकडा हँडलाला बांधून त्याचें दुसरें टोंक दांतांत धरून ते चढ चढले. पुन्हां पडून दंडाचें हाडही मोडलें. आणि तरी ते दुसरे आले. दांतांत ट्यूब धरलेलें त्यांचें छायाचित्र जगभर गेलें. तें धैर्य थोरच होतें, त्याविषयीं आमचें कांहीं म्हणणें नाहीं. परंतु ट्यूबचा तुकडा आणि झाडूचा दांडा या दोहोंत फरक कोणता? एकाच्या मालकाला दुसरा क्रमांक मिळाला, दुसऱ्याच्या मालकिणीला क्रमांकच मिळाला नाहीं.

स्त्रियांसाठीं स्वतंत्र जीरो सुरू झाली ती १९८८ मध्यें. पहिल्या विजेत्या मारिया कानिन्स. धंदेवाईक संघांतील स्त्रियांना किमान वेतन ठरवून मिळालें तें तर २०२० सालीं, वरिष्ठ संघांपुरतें. त्याच वर्षीं सप्टेंबरांत नेदरलंड्सच्या आनेमीक फान फ्लोएतेन या स्त्रियांच्या जीरोंत आघाडीवर असतां पडल्या आणि त्यांचें मनगट मोडलें. शर्यत सोडावी लागली, शस्त्रक्रिया झाली, आणि अवघ्या नऊ दिवसांनीं, २६ सप्टेंबरला, त्या इमोला येथील जागतिक शर्यतींत उतरून दुसऱ्या आल्या. इमोला म्हणजे आल्फोन्सिनाबाईंचाच मुलूख. दोन वर्षांनीं ऑस्ट्रेलियांत कोपराचें हाड मोडलेलें असतां, सायकलीवर उठून उभेंही राहतां येत नसतां, त्यांनीं जागतिक अजिंक्यपद जिंकलें. असल्या हट्टाचें आंधळें कौतुक करावें असें आम्हांस वाटत नाहीं. मोडलें हाड विश्रांति मागतें, आणि शर्यतीचा वैद्य खेळाडूच्या उत्साहापेक्षां कठोर असावा. मात्र या बाईंच्या नांवापुढें क्रमांक लिहिलेला आहे, एवढें खरें.

देवळाच्या अंगणांत १९७३ सालीं उभारलेलें ब्राँझचें एक शिल्प आहे. दोन सायकलस्वार आहेत. एकानें विजयानें हात उंचावला आहे आणि दुसरा जमिनीवर पडला आहे. पलीकडे खालीं सरोवराचा लेक्कोकडील फांटा आणि त्यावर ग्रीन्ये पर्वताचे राखी कडे दिसतात. १३ जुलै २०१४ रोजीं स्त्रियांच्या जीरोचा अखेरचा टप्पा याच अंगणापाशीं संपला. इंग्लंडच्या एम्मा पूली पहिल्या आल्या, आणि सबंध शर्यत नेदरलंड्सच्या मारियान वोस यांनीं जिंकली. त्यांच्या मागून शेवटची स्वार येईपर्यंत प्रत्येकीची वेळ मोजून लिहून घेण्यांत आली.