केळव्याच्या शाळेतला व्हिडिओ गेम

मुलांनो, तुम्ही केळव्याला आला आहात का कधी? नसाल, तर आधी वाट सांगते. विरारहून डहाणूकडे जाणारी लोकल पकडायची. वैतरणा, सफाळे आणि मग केळवे रोड. वाटेत वैतरणेवरचे लांबच लांब पूल लागतात. तिथे खिडकी सोडायची नाही! केळवे रोडला उतरलात की लगेच समुद्र दिसेल असं मात्र समजू नका. ज्या स्टेशनाच्या नावात ‘रोड’ असतं, तिथून गाव हमखास लांब असतं. केळव्याचंही तसंच. रिक्षात बसायचं, दोन्ही बाजूंच्या वाड्या बघत जायचं. नारळ, केळी, आणि नागवेलीचे पानमळे. खाण्याच्या पानांसाठी केळवे-माहीमचा हा भाग नावाजलेला आहे. मग शीतलादेवीचं देऊळ, त्याच्या शेजारचा तलाव, आणि पलीकडे सुरूचं बन. बनातून सूं सूं असा आवाज येतो. तो आवाज वाऱ्याचा की लाटांचा, हे पहिल्यांदा येणाऱ्याला कळत नाही. मीही फसले होते.

किनाऱ्यावर जुने कोट आहेत, पोर्तुगीजांच्या काळचे. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी हा सगळा पट्टा घेतला. पण आज मी तुम्हांला किल्ल्यांची गोष्ट सांगणार नाही. ती तुमच्या इतिहासाच्या बाईंसाठी ठेवू. आज सांगायचं आहे ते एका दांडीबद्दल. व्हिडिओ गेमच्या दांडीबद्दल, म्हणजे जॉयस्टिकबद्दल!

काय, हसलात ना? आमच्या मुख्याध्यापकही हसल्या होत्या.

झालं असं, की आमच्या चौथीच्या वर्गाने संगणकावर दोन खेळ तयार केले. ‘स्क्रॅच’ नावाची मुलांसाठीची एक प्रणाली आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेने ती २००७ साली सगळ्यांसाठी फुकट खुली केली. रंगीत ठोकळे एकमेकांना जोडायचे आणि खेळ बनवायचा. आमच्या पहिल्या खेळात एक गोगलगाय पानमळ्याच्या सऱ्यांमधून वाट काढते. दुसऱ्यात होडी खडक चुकवत धक्क्याला लागते. खेळ झाले, पण खेळायचे कसे? कीबोर्ड एक आणि मुलं एकतीस! दोन दिवसांत बाणांच्या कळा खिळखिळ्या झाल्या. तेव्हा कोणीतरी म्हणालं, “बाई, जत्रेत असतं ना, तसं उभं मशीन करू या!”

मी लहान असताना पालघरच्या बाजारात एक व्हिडिओ गेमचं दुकान होतं. माझा भाऊ नाणी घेऊन आत जायचा. मुली आत जात नसत. असा काही नियम नव्हता, पण जात नसत खऱ्या. मी पायरीवर उभी राहून नुसता आवाज ऐकायचे. टिक टिक टिक टिक, धडाम! त्यामुळे ‘मशीन करू या’ हे ऐकल्यावर सगळ्यांत आधी कोण हो म्हणालं असेल? बरोबर ओळखलंत!

एका मुलाचे बाबा सुतारकाम करतात. त्यांनी कपाटासारखा खोका करून द्यायचं कबूल केलं. जुना संगणक होताच. राहिली ती वरची फळी, तिच्यावरची बटणं आणि दांडी. बटणांचं काही अवघड नाही. तीस मिलिमीटरचं भोक पाडायचं आणि बटण आत दाबून बसवायचं. दांडीचं मात्र तसं नाही. ती निवडावी लागते.

आणि आमच्याकडे ती निवडायला आणखी एक कारण होतं. आमच्या वर्गात एक मुलगा आहे. त्याला सगळे स्कोअरर म्हणतात. त्याच्या डाव्या हाताची बोटं जन्मापासून मिटलेली आहेत, मूठ उघडत नाही. सुट्टीत किनाऱ्यावर क्रिकेट रंगतं, तेव्हा हा ओल्या वाळूत काडीने धावा मांडतो. मांडतो मात्र इतक्या चोख, की भांडण झालं तर मोठी मुलंही त्यालाच विचारतात. पण बॅट त्याच्या हातात कोणी देत नाही, आणि तोही मागत नाही. गोगलगायीच्या खेळाचे गुण मोजायचा भाग यानेच तयार केला होता. आता मशीन झालं आणि त्यावरही तो फक्त गुणच मोजत बसला तर? हा विचार माझ्या डोक्यातून जाईना.

म्हणून मी मनाशी एक नकाशा काढला. दांडी फळीच्या मधोमध, बटण दोन्ही बाजूंना. म्हणजे तो उजव्या हाताने दांडी धरेल आणि डाव्या मुठीने मोठं बटण दाबेल. १९८० साली जपानमध्ये निघालेल्या ‘पॅकमॅन’च्या मशीनवर दांडी मधोमधच होती. त्या खेळात बटण दाबत राहावं लागतच नाही, नुसतं पळायचं! मला माझा नकाशा फारच आवडला.

एका शनिवारी मी मुंबईला गेले. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरलं, की थोड्याच अंतरावर लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असं लिहिलेलं असतं, पण विचाराल तर सगळे लॅमिंग्टन रोडच सांगतील. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ मध्ये मुंबईचे गव्हर्नर होते, त्यांचं हे नाव. या रस्त्यावर तारा, दिवे, मोटारी, स्विच असं विजेचं काय वाट्टेल ते मिळतं. मी ऐटीत म्हटलं, “एक जॉयस्टिक द्या.” दुकानदाराने विचारलं, “कुठली?” झालं! माझी ऐट तिथेच संपली.

आता तुम्हीही शिकून घ्या, म्हणजे तुमची अशी फजिती होणार नाही. जॉयस्टिक हा शब्द आला विमानातून. वैमानिक ज्या दांडीने विमान चालवतो तिला पूर्वीपासून असं म्हणत. खेळातली दांडी आतून अगदी साधी असते. मधे एक कमान, म्हणजे स्प्रिंग असते, ती दांडीला पुन्हा सरळ उभी करते. तळाशी चारी बाजूंना चार छोटे मायक्रोस्विच. दांडी कलली की एक स्विच दाबला जातो आणि ‘टिक’ असा आवाज येतो. म्हणजे लहानपणी पायरीवर उभी राहून मी ऐकायचे तो आवाज या स्विचांचा होता! दांडी तिरकी ढकलली तर शेजारचे दोन स्विच एकदम दाबले जातात. झाल्या आठ दिशा.

तळाशी आणखी एक चौकट असते. दांडीने कुठपर्यंत जायचं हे ती ठरवते. ती एका प्रकारे बसवली तर आठही दिशा मिळतात, फिरवून बसवली तर तिरकी वाट बंद होते आणि चारच दिशा उरतात. तुम्ही म्हणाल, आठ मिळत असताना चार कशाला? आमची गोगलगाय आठवा. तिच्या सऱ्या आडव्या-उभ्या. वळणावर दांडी जरा तिरकी झाली, की ‘वर’ आणि ‘उजवीकडे’ असे दोन्ही हुकूम एकदम जातात आणि गोगलगाय गोंधळून भिंतीवर आपटते. पॅकमॅनचंही तसंच, त्याला चार दिशांचीच दांडी हवी. पण होडीला तिरकं जायचं असतं. १९९१ सालच्या ‘स्ट्रीट फायटर टू’मधल्या पहिलवानांनाही आठ दिशा लागतात. आमचे खेळ दोन, म्हणून आम्हांला चौकट फिरवता येईल अशी दांडी हवी होती.

दुकानदाराने तशा दोन काढून ठेवल्या. एक जपानी पद्धतीची. आखूड, वर गोल लाडवासारखा गोळा, आणि इतकी हलकी की करंगळीने हलावी. दुसरी अमेरिकी पद्धतीची. उंच, वर भोपळीसारखी लांबट मूठ, आणि कमान चांगलीच ताठ. मला वाटलं, स्कोअररसाठी हलकीच बरी. पण दोन्ही घेतल्या. अस्सल जपानी कंपनीची एक घेतली असती, तर तेवढ्या पैशांत अशा साध्या चार-पाच आल्या असत्या, म्हणून साध्याच घेतल्या. या कामात स्वस्ताईला मी वाईट म्हणणार नाही. मुलांच्या हातात द्यायची वस्तू मोडली तर रडू येऊ नये.

फळीवर सुतारदादांनी पहिला शेरा मारला. “बाई, ही आखूड दांडी लोखंडी पत्र्यासाठी केलेली आहे. आपल्या जाड फळीतून ती वर किती येणार? खालून लाकूड कोरावं लागेल.” ते म्हणाले ते खरंच होतं. उंच दांडी जाड लाकडातूनही पुरेशी वर येत होती. फळीसाठी त्यांनी पाण्यात टिकणारं प्लायवूड घेतलं. भुशाच्या दाबलेल्या फळ्या आमच्या दमट हवेत फुगतात. स्क्रूही गंजणार नाहीत असे घेतले. केळव्याचा खारा वारा लोखंडाला सोडत नाही. दारं-खिडक्यांच्या बिजागऱ्या बघा ना आमच्या! आणि दांडीच्या गळ्यात एक काळी चकती असते. शहरातली मुलं ती शोभेची समजत असतील. इथे तिच्यावाचून चालत नाही, कारण पोरांच्या हाताची वाळू थेट भोकात जाते.

जोडणीच्या दिवशी खरी मजा झाली. प्रत्येक स्विचची एक तार जमिनीच्या, म्हणजे ग्राउंडच्या सामाईक तारेला, दुसरी ‘लिओनार्डो’ नावाच्या छोट्या बोर्डाला. हे बोर्ड संगणकाला सांगतं, ‘मी कीबोर्ड आहे हं!’ त्यामुळे आमचे खेळ न बदलता चालले. वरच्या स्विचची तार ‘वर’ला, खालच्याची ‘खाली’ला, असं सगळं मीच नीट जोडलं. मशीन चालू केलं. दांडी वर ढकलली, तर गोगलगाय खाली! डावीकडे ढकलली, तर उजवीकडे! मी तारा तपासतेय, पुन्हा तपासतेय. तेवढ्यात होडी असलेल्या घरातला एक मुलगा हसायला लागला. “बाई, हे तर सुकाणू झालं!”

कळलं का तुम्हांला? होडीच्या सुकाणूची दांडी डावीकडे ढकलली, की होडीचं नाक उजवीकडे वळतं. कारण दांडी मधल्या खिळीवर फिरते, वरचं टोक इकडे गेलं की खालचं तिकडे. जॉयस्टिकही मधेच अडकवलेली असते. वरून डावीकडे ढकला, तळाचं टोक उजवीकडे जातं आणि उजवीकडचा स्विच दाबतं. म्हणजे तारा उलट्या जोडायच्या! मी डीएड केलं तेव्हा हे कोणी शिकवलं नव्हतं. दुरुस्ती त्याच मुलाने केली.

आता स्कोअरर. दोन्ही दांड्या एका तात्पुरत्या फळीवर बसवल्या होत्या. मी त्याला माझा नकाशा दाखवला. दांडी मधे, तुझा उजवा हात इथे, मूठ तिथे. तो गप्प. बऱ्याच वेळाने म्हणाला, “बाई, सगळ्या मशीनवर दांडी कुठे असते?” मी म्हटलं, “बहुतेक ठिकाणी डावीकडे.” “मग आपली पण डावीकडे पाहिजे.”

“अरे, पण तुला...”

“करून बघतो.”

त्याने मिटलेली डावी मूठ गोळ्याच्या दांडीला लावली आणि ढकलली. मूठ गोळ्यावरून घसरली. पुन्हा लावली, पुन्हा घसरली. वर्ग चिडीचूप. मला वाटलं, आता म्हणावं पुरे. मग तो ताठ दांडीकडे वळला. लांबट मुठीला त्याची मूठ बाजूने टेकली, ती घसरली नाही. ढकललं, टिक. सोडलं, तर दांडी आपली आपण मधे उभी. मनगट पलीकडून अडकवून स्वतःकडे ओढली. टिक. पुन्हा मधे.

“ही पाहिजे,” तो म्हणाला. “ही परत येते. ती आणावी लागते.”

मी इतक्या दुरून हलकी दांडी मुद्दाम आणली होती! पण त्याचं म्हणणं अगदी बिनतोड होतं. ज्याला मूठ पकडता येत नाही, त्याला दांडी ढकलता येते, पण मधे आणून थांबवता येत नाही. ते काम कमानीने करायला हवं, आणि ते ताठ कमानीलाच जमतं. हलकी दांडी त्याच्या धक्क्याने तिरकी भरकटत होती, ताठ दांडी नाही. माझा नकाशा मी घडी करून पर्समध्ये ठेवला. सुतारदादांनी डावीकडे खूण केली आणि भोक पाडलं.

पहिल्या दिवशी गोगलगायीच्या खेळात तो सातवा आला. सांगायला हवं म्हणून सांगते, पहिला वगैरे आला नाही. मुठीच्या बाजूला लाल वळ उठला होता. मी म्हटलं, मुठीवर जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवू. त्याला त्याने हरकत घेतली नाही, कारण ती सगळ्यांनाच आवडली. गुणांची वही अजून त्याच्याकडेच आहे. पण आता त्याची खेळायची पाळी आली, की ती दुसऱ्या कोणाला तरी धरावी लागते, आणि तो खेळतानाही तिरक्या नजरेने बघतो, नीट मांडताहेत की नाही.

गोळ्याची दांडी कपाटात आहे. पावसाळ्यात ताठ दांडीची कमान गंजून करकरायला लागली. तेव्हा पुढच्या शनिवारी पुन्हा लॅमिंग्टन रोड! या खेपेला स्कोअरर आणि त्याची आई माझ्याबरोबर येणार आहेत. दुकानदाराला विचारायचे प्रश्न त्याने वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलेत. मी बघायला मागितली, तर वही मिटून घेतली.